एका खोलीतून निघालेले भाकीत

एप्रिल १९६८मध्ये ‘सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या अमेरिकी मासिकात जे. सी. आर. लिकलायडर आणि रॉबर्ट टेलर यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. संगणक म्हणजे आकडेमोड करणारे अवाढव्य यंत्र, अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती. या दोघांनी मात्र पहिल्याच वाक्यात जाहीर केले की, काही वर्षांतच माणसे समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा यंत्रामार्फत अधिक परिणामकारक संवाद साधतील. पुढे त्यांनी याहून मोठे भाकीत केले. दूरदूर विखुरलेल्या माणसांचे समुदाय तयार होतील; त्यांना बांधणारा धागा एका जागी राहण्याचा नसेल, समान आवडींचा आणि समान उद्दिष्टांचा असेल. शेजार नशिबाने मिळतो, सोबती मात्र निवडता येतील, म्हणून माणूस अधिक सुखी होईल, असा त्यांचा विश्वास होता. हे लिहिले गेले तेव्हा असे जाळे अस्तित्वातच नव्हते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे पहिला संदेश गेला तो २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, आणि ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोनच अक्षरे पोहोचून यंत्रणा बंद पडली. त्याच्या दीड वर्ष आधी केलेले हे भाकीत तारांच्या बाबतीत थक्क करणारे अचूक ठरले. समुदायांच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे ठरले. ते अर्धेच का, याचे कारण ज्या पुराव्यावर ते उभे होते त्या पुराव्यातच आहे. जागा, ओळख आणि कोणीतरी उचललेला खर्च यांनी घडवलेला एक छोटा समुदाय या दोघांनी पाहिला आणि त्याचे सगळे श्रेय यंत्राला दिले.

लिकलायडर मूळचे मानसशास्त्रज्ञ. माणसाला ऐकू कसे येते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १९६२मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संशोधन संस्थेत ते संगणकविषयक कामाचे प्रमुख झाले आणि निवडक विद्यापीठांना व प्रयोगशाळांना पैसा देऊ लागले. एप्रिल १९६३मध्ये त्यांनी या मंडळींना एक टिपण पाठवले. त्यात ‘आंतरआकाशगंगीय संगणक जाळ्या’चे सभासद असे त्यांना संबोधले होते. संबोधन खेळकर होते, पण मागचा विचार गंभीर होता. १९६६मध्ये त्याच खुर्चीवर टेलर आले. पेंटागॉनमधल्या त्यांच्या कार्यालयाशेजारी तीन वेगवेगळी टर्मिनल्स होती. एक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संगणकाला जोडलेले, दुसरे बर्कलीच्या आणि तिसरे सँटा मोनिकाच्या. तिन्हींच्या आज्ञा वेगळ्या. एका ठिकाणच्या माणसाशी बोलता बोलता दुसरीकडे काही कळवायचे तर उठून दुसऱ्या टर्मिनलपुढे बसावे लागे. या गैरसोयीतून जाळ्याची कल्पना पक्की झाली, ही हकीगत बरीच प्रसिद्ध आहे. तिच्याइतकेच महत्त्वाचे असलेले टेलर यांचे दुसरे निरीक्षण मात्र फारसे सांगितले जात नाही. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वाटून वापरण्याची सोय जिथे जिथे झाली, तिथे एरवी एकमेकांना न ओळखणारी माणसे ओळखीची झाली होती. ती एकमेकांचे प्रोग्रॅम वापरत, अडलेल्याला मदत करत. मॅसॅच्युसेट्सच्या संगणकावर १९६५पासून एकमेकांसाठी निरोप ठेवण्याचीही सोय होती. टेलर यांना दिसलेला हा समुदाय खराच होता. मात्र त्यातली बहुतेक माणसे एकाच संस्थेच्या आवारात वावरणारी होती, हे विसरून चालणार नाही.

१९६८च्या लेखातला मुख्य पुरावा तर याहून बोलका आहे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत झालेल्या एका प्रकल्प-बैठकीचे त्यात तपशीलवार वर्णन आहे. टेबले चौकोनात मांडलेली, एकेका बाजूला पाच. मधोमध सहा टीव्ही पडदे, त्यांवर त्याच इमारतीत दुसरीकडे असलेल्या संगणकातला मजकूर उमटणारा. हाताशी ‘माउस’ नावाचे तेव्हा अगदी नवे असलेले उपकरण. कोणीही ते हलवून पडद्यावरचा दर्शक सरकवावा आणि आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते सर्वांना दाखवावे. वक्त्याचे टिपण उघडून त्याच्या तळाशी असलेल्या तपशिलापर्यंत जाता येत होते. एरवी आठवडा लागला असता असे काम दोन दिवसांत उरकले, असे लेखक सांगतात. त्यांनी संवादाची केलेली व्याख्याही आजच्या चर्चेपेक्षा खोल आहे. त्यांच्या मते संदेश इकडून तिकडे पोहोचवणे म्हणजे संवाद नव्हे. प्रत्येकाच्या डोक्यातले चित्र बाहेर मांडणे, ती चित्रे एकमेकांशी ताडून पाहणे आणि त्यांतून सामाईक चित्र घडवणे, हा खरा संवाद. त्या बैठकीत असा संवाद घडला यात शंका नाही. पण ती माणसे एकाच खोलीत बसली होती. ती निमंत्रित होती, एका कामाने बांधलेली होती, त्यांची व्यावसायिक भाषा एक होती आणि खर्च सरकारी निधीतून होत होता. यंत्र त्यांच्या मदतीला आले ते इतके सगळे जुळून आल्यानंतर. या खोलीवरून साऱ्या जगाविषयी अनुमान काढताना लेखकांनी पडदा आणि माउस तेवढे सोबत घेतले. बाकीचे सगळे आपोआप येईल असे गृहीत धरले.

सुरुवातीची वर्षे पाहिली तर हे गृहीतक बरोबरच होते असे वाटते. ‘आर्पानेट’ हे ‘आर्पा’चे जाळे उभारले गेले ते दूरच्या संगणकांची ताकद वाटून घेण्यासाठी. १९७१मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला पत्र पाठवण्याची युक्ती काढली आणि पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह आले. १९७३च्या एका पाहणीत त्या जाळ्यावरची सुमारे तीन चतुर्थांश वाहतूक ईमेलची असल्याचे आढळले. ज्यांनी यंत्रांची सोय केली त्यांना वाटले होते त्याहून कितीतरी अधिक ओढ माणसांना माणसांची होती. काही वर्षांतच विज्ञानकथांच्या चाहत्यांचा एक मोठा गट त्याच जाळ्यावर गप्पा मारू लागला. लिकलायडर-टेलर यांचा समुदाय तो हाच. तरीही या गटात कोण होते ते पाहायला हवे. जाळ्यावर प्रवेश मिळायचा तो संरक्षण खात्याचे काम करणाऱ्या संस्थांतल्या लोकांना. त्यांचे शिक्षण आणि पेशा सारखा होता, परिषदांत भेटीगाठी होत्या. आज एखाद्याने उद्धटपणा केला तर उद्या त्याच माणसाबरोबर काम करायचे असे. असा गट सुरळीत चालतो. तो कशामुळे चालतो हे मात्र त्या गटाकडेच पाहून कळत नाही, कारण तार आणि ओळख तिथे एकत्रच आलेली असतात.

त्याच सुमारास बर्कली शहरात उलट्या दिशेने एक प्रयोग झाला. ऑगस्ट १९७३मध्ये ली फेल्सेन्स्टाइन, एफ्रेम लिपकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स’ या दुकानात, जिन्याच्या वरच्या टोकाला, एक टेलिप्रिंटर ठेवला. शेजारी वादकांचा नेहमीचा कागदी सूचनाफलक होता. टेलिप्रिंटर फार खडखडाट करी, म्हणून तो पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून हात आत घालायला भोके ठेवली होती. फोनच्या तारेने तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोठ्या संगणकाला जोडलेला होता. ‘कम्युनिटी मेमरी’ असे या योजनेचे नाव. येणाऱ्या-जाणाऱ्याने आपली सूचना टाइप करावी, इतरांच्या सूचना शोधाव्यात. वादकांनी साथीदार शोधले, कोणी कविता लिहिल्या, कोणी चांगले बेगल कुठे मिळतात असे विचारले आणि त्याला उत्तरेही मिळाली. या लोकांच्या डोळ्यांसमोर दूरचे समविचारी नव्हते, आपलीच वस्ती होती. यंत्राने जागेचे महत्त्व पुसावे अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. एका गावात राहून एकमेकांना न भेटणाऱ्या माणसांची गाठ पडावी, एवढेच त्यांना हवे होते. भविष्याच्या इतिहासात हा प्रयोग तळटीपेपुरता उरला आहे, पण पुढे जे टिकले त्याच्याशी त्याचे नाते १९६८च्या भाकितापेक्षा जवळचे आहे.

याची साक्ष देतो तो ‘वेल’. स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी १९८५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ही सशुल्क चर्चासेवा सुरू केली. हॉवर्ड राइनगोल्ड यांनी १९९३मध्ये आभासी समुदायांवर पुस्तक लिहून ही कल्पना जगभर पोहोचवली, त्या पुस्तकाचा गाभा ‘वेल’वरचे अनुभव हाच आहे. आजारी मुलाच्या पालकाला मध्यरात्री मिळालेला धीर, अनोळखी माणसांची आपुलकी, हे सारे त्यात आहे आणि ते खोटे नाही. पण त्या काळी अशी सेवा वापरायची म्हणजे फोन लावून ठेवावा लागे. स्थानिक कॉल स्वस्त, लांबचा महाग. त्यामुळे सभासदांचा मोठा भाग आपोआपच सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती राहणारा निघाला. दर महिन्याला सॉसालिटो इथल्या कार्यालयात मेजवानी होई, पडद्यावर भांडलेली माणसे तिथे ताट हातात घेऊन समोरासमोर उभी राहत. बोलणाऱ्याने आपल्या शब्दांची जबाबदारी घ्यायची, असा नियम होता आणि खरे नाव लपवता येत नसे. म्हणजे जागा निरर्थक होईल या विचाराचा सर्वांत प्रभावी पुरावा पुन्हा एका जागेतूनच आला होता. मेन्लो पार्कच्या खोलीत जे घडले तेच इथे अधिक मोठ्या प्रमाणावर घडले.

इथे पहिला आक्षेप येतो. फ्रान्समधल्या घरोघरच्या टर्मिनल्सवर तर जागा नव्हती, ओळख नव्हती, तरी लाखो लोक बोलतच होते. मग जागेचे एवढे माहात्म्य कशाला? आक्षेप वजनदार आहे. सिमाँ नोरा आणि आलेँ मँक यांनी १९७८मध्ये फ्रेंच राष्ट्राध्यक्षांना समाजाच्या संगणकीकरणावर अहवाल दिला. फोन आणि संगणक यांच्या संयोगाने समाज बदलेल आणि सरकारने त्याची सूत्रे हाती घ्यावीत, असा त्याचा सूर होता. १९८०च्या दशकात फ्रेंच टपाल व दूरसंचार खात्याने छापील टेलिफोन डिरेक्टरीऐवजी ‘मिनिटेल’ नावाची छोटी टर्मिनल्स घरोघर फुकट दिली. नंबर शोधणे, तिकीट काढणे, बँकेचे व्यवहार यांसाठी ती होती. लोकांनी त्यांवर एकमेकांशी गप्पा मारायला सुरुवात केली, तीही टोपणनावाने. संवादाची भूक किती मोठी असते हे इथे पुन्हा दिसले. परंतु या गप्पांचे पैसे मिनिटांवर होते. फोनच्या बिलात ते जमा होत आणि दूरसंचार खाते व सेवा चालवणारी कंपनी ते वाटून घेत. म्हणून गिऱ्हाईक जितका वेळ खिळून राहील तितका फायदा. काही कंपन्यांनी गप्पा चालू ठेवण्यासाठी पगारी माणसे नेमली. बायकांची नावे घेऊन पुरुष पुरुषांशी बोलत बसत. संदेशांचा पूर आला, पण लिकलायडर-टेलर यांच्या व्याख्येत बसणारे सामाईक चित्र त्यातून घडले का? याउलट १९८६मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांनी शिक्षण-सुधारणेविरुद्ध संप केला तेव्हा त्यांनी हेच मिनिटेल बातम्या पोहोचवायला आणि आंदोलन जुळवायला वापरले. यंत्र एकच; मात्र दुसऱ्या वेळी त्यामागे महाविद्यालये होती, रस्ते होते, एक सामाईक गाऱ्हाणे होते. बोलणे भरपूर होणे आणि समुदाय होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांच्यामधले अंतर बरेचदा पैसा कोण व कसा कमावतो यावर ठरते.

दुसरा आक्षेप निराशावाद्यांचा. त्यांच्या मते जाळ्याने समुदाय घडवणे दूरच, होते तेही मोडले. १९९६मध्ये मार्शल व्हॅन अल्स्टाइन आणि एरिक ब्रिन्योल्फसन यांनी नेमका इशारा दिला होता. जोडीदार निवडायची मुभा मिळाली की माणसे आपल्यासारख्यांनाच निवडतील आणि एका जगाऐवजी अनेक बंदिस्त तुकडे होतील. १९६८च्या भाकितात जे सुखाचे कारण होते तेच इथे फुटीचे कारण ठरते, आणि आजचे कोणतेही निवडणुकीचे वातावरण पाहिले तर हा इशारा पोकळ नव्हता हे पटते. पण सरसकट निराशाही पुराव्यावर टिकत नाही. पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी ७३ घरांतल्या १६९ माणसांचा अभ्यास केला. इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचे घरच्यांशी बोलणे कमी झाले, एकटेपणा वाढला, असे त्यांनी १९९८मध्ये मांडले. त्यांनीच पुढे केलेल्या पाहणीत हे दुष्परिणाम बव्हंशी ओसरल्याचे आढळले आणि २००२मध्ये तेही प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. टोरोंटोजवळच्या एका नव्या वसाहतीत कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन यांना तर उलटच दिसले. ज्या घरांना वेगवान जोडणी मिळाली होती त्या घरांतली माणसे अधिक शेजाऱ्यांना नावाने ओळखत होती. बिल्डरच्या त्रुटींविरुद्ध ती त्याच जाळ्यावरून एकत्र आली. आशावादी आणि निराशावादी दोघांचीही चूक एकच. दोघांनीही यंत्राला कर्ता मानले. ते ज्या नात्यात शिरले त्या नात्याचा पोत दोघांनीही मोजला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. विखुरलेल्या माणसांचे काय? क्वचित आढळणाऱ्या आजाराच्या रुग्णाला आपल्या गावात समदुःखी सापडणार नाही, दूरचाच सापडेल. परदेशातल्या भाषिक अल्पसंख्याकांचेही तसेच. इथे १९६८चे भाकीत खरे ठरले आणि ते मनापासून मान्य करायला हवे. मराठीचे उदाहरण घेण्याजोगे आहे. १९९६मध्ये ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट येऊन जेमतेम वर्ष झाले होते. विदेश संचार निगमने ती सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली होती. पडद्यावर देवनागरी उमटवणे हीच त्या काळी कसरत होती. कोणी रोमन लिपीत मराठी लिहीत, कोणी वेगवेगळे फॉन्ट उतरवून घेत. तरीही अमेरिकेतले, आखातातले, पुण्या-मुंबईतले मराठी लोक तिथे लिहू-वाचू लागले. अंतर मिटले ते हे असे. पण पुढे काय झाले? याच मंडळींनी आपापल्या शहरांचे गट केले. ‘गेट टुगेदर’चे ‘गटग’ झाले आणि गटगला येणार का, हा नेहमीचा प्रश्न झाला. दर पावसाळ्यात ‘वर्षाविहार’ नावाची सहल ठरू लागली, तिचेही लाडाने ‘ववि’ झाले. जी माणसे जागेवाचून जोडली गेली होती त्यांनी संधी मिळताच जागा शोधली. आवड ही ओळखीला पुरेशी असते. नाते टिकवायला मात्र एकत्र जेवणे, गाडीची व्यवस्था करणे, वर्गणी गोळा करणे असली कामे लागतात आणि ती करणारी माणसे लागतात. रुग्णांच्या गटांतही टिकतात ते ज्यांना कोणीतरी रोज सांभाळते ते, आणि तिथे बांधणारा धागा निव्वळ आवडीचा नसतो, गरजेचा असतो.

यावर कोणी म्हणेल की पन्नास-साठ वर्षांनी मागे वळून चुका काढणे सोपे आहे. म्हणणे रास्त आहे, आणि म्हणूनच त्या दोघांनी काय पाहिले हेही सांगितले पाहिजे. जाळ्यावर असणे हा हक्क असेल की मूठभरांची मिरासदारी, हा प्रश्न त्यांनी त्याच लेखात विचारला. मिरासदारी झाली तर बुद्धीच्या संधींतली दरी आणखी रुंदावेल, असेही बजावले. केवळ आनंदाने भारावून गेलेल्या माणसांना हे सुचत नाही. यंत्रांचा आणि तारांचा खर्च किती येईल याचाही त्यांनी हिशेब मांडला. त्यांच्या नजरेतून सुटले ते एवढेच की, खर्च उचलणारा बदलला की समुदायाची जातकुळीही बदलते. त्यांच्या भोवतीच्या प्रयोगांचा खर्च संरक्षण खाते उचलत होते, तिथे कोणाला माणसांचे लक्ष विकायचे नव्हते. पुढे ८ फेब्रुवारी १९९६ रोजी जॉन पेरी बार्लो यांनी दावोसहून सायबरविश्वाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, तेव्हाही त्यांचा रोख सरकारांवर होता; बाजार त्या विश्वाचा ताबा घेईल ही धास्ती त्यात फारशी नव्हती. आपल्याकडे २०१६च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरावीक संकेतस्थळांसाठी वेगळा दर लावायला मनाई केली, ती निवडक स्थळे फुकट देण्याच्या योजनांवरून देशभर वाद झाल्यानंतर. २०१९मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडली. १९६८च्या लेखातली सर्वांत टिकाऊ गोष्ट समुदायांचे भाकीत नव्हती, हक्क की मिरासदारी हा प्रश्न होता.

म्हणून नवे यंत्र आले की त्याच्याबद्दलच्या भाकितांना तीन गोष्टी विचाराव्यात. ज्या गटावरून हे अनुमान काढले तो गट यंत्रापूर्वीच कशाने बांधलेला होता? त्याचा खर्च कोण करत होता, आणि उद्या जो करेल त्याला बदल्यात काय हवे असेल? आणि भांडण मिटवणारे, नव्याला सामावून घेणारे, रोजची देखभाल करणारे माणूस कोण? या प्रश्नांची उत्तरे ज्या भाकितात नाहीत ते यंत्राचे वर्णन म्हणून वाचावे, समाजाचे भविष्य म्हणून नव्हे. लिकलायडर आणि टेलर यांनी संवादाची जी व्याख्या केली तीच पुढेही आपली मोजपट्टी असावी: किती संदेश गेले ते मोजू नये, किती जणांच्या मनात सामाईक चित्र घडले ते पाहावे. त्या मोजपट्टीने शेजार हा टाळण्याजोगा योगायोग राहत नाही. न निवडलेल्या माणसांबरोबर जमवून घेण्याचा सराव तिथेच होतो, आणि तो सराव असलेली माणसेच दूरच्यांशीही समुदाय बांधू शकतात. जाळे जितके पसरेल तितकी या सरावाची किंमत वाढत जाईल, हे भाकीत करायला मात्र पुरेसा पुरावा आज आपल्या हाती आहे.